चिमूटभर लाल भुकटी

माझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना सुखरूप वरखाली नेलं आणि स्वतः निम्मं आयुष्य गच्चीवरच्या मशीनरूममध्ये काढलं. तपासणीचा फॉर्म इंग्रजीत असायचा. तळाशी एक छापील ओळ, तिच्याखाली सही ठोकली की काम झालं.

एका रविवारी त्यांनी तो फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी शाळेत इंग्रजी शिकवते.

"हे 'सिग्निफिकंट' म्हणजे काय गं? मोठं?"

"मोठंच असेल असं नाही, बाबा. दखल घ्यावी असं. बाळाच्या अंगावर एवढीशी पुरळ उठते, पण तिच्यावरून आतलं दुखणं कळतं. तीही सिग्निफिकंटच. इथे लिहिलंय, दखल घेण्याजोगी झीज नाही."

बाबांनी फॉर्म पुन्हा स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "दवाखान्याच्या लिफ्टचा दोर काल पुसला. फडक्याला चिमूटभर लाल भुकटी लागली. बाहेरून एकही तार तुटलेली नाही. म्हटलं, एवढंसं तर आहे."

"सही केलीत?"

"अजून नाही."

सोमवारी त्यांनी ओळीतल्या 'नो'वर काट मारली आणि लिफ्ट बंद केली. सुपरवायझर तणतणत आला.

"काका, चिमूटभर गंजासाठी लिफ्ट बंद? त्या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का?"

"आहे ना," बाबा म्हणाले. "भुकटी थोडीच आहे, पण सिग्निफिकंट आहे. आतल्या तारा एकमेकींवर घासल्याशिवाय ती बाहेर येत नाही. दोर उतरवून उकला. आतून धड निघाला तर मला घरी बसवा."

दोर उतरवला. वरून नवाकोरा दिसत होता. पीळ उकलला तर आतल्या कितीतरी तारा तुटलेल्या, गंजानं लालभडक. सुपरवायझरनं एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "काका, बाकीच्या इमारतीही तुम्हीच बघा. आणि शुक्रवारी आपल्या नव्या मेकॅनिक पोरांना हे समजावून सांगा."

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी आले ते ताठ मानेनं. मी चहा पुढे ठेवला.

"बारा जण होते. फळ्यावर शब्द लिहिला. नंतर लक्षात आलं, एक अक्षर चुकलं."

"कुणी हसलं?"

"छे. सगळ्यांनी तसंच उतरवून घेतलं."