दुसरी गोजरा

खोराट्यांच्या भाऊकीत नावांचा भारी दुष्काळ. मुलगा झाला की रघुजी नाहीतर आप्पाजी, मुलगी झाली की गोजरा नाहीतर कस्तुरा, संपलं! आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव, पहिल्या नातीला आजीचं, मग ती हयात असो नसो, आणि एखादं पोर दगावलं तर पुढच्या पोराला त्याचंच. नियम एकच, पण काटेकोर: जित्या लेकराचं नाव दुसऱ्या लेकराला ठेवायचं नाही. ठेवलं तर एकाचं आयुष्य दुसरं खातं म्हणे. नव्वद वर्षांनी कोणीतरी आपल्याला शोधायला निघेल आणि डोकं धरून बसेल, याचा विचार या शहाण्यांपैकी एकानंही केला नाही.

डोकं धरून बसला होता गुरुप्रसाद. खोराटे हे त्याच्या आईचं माहेर, निपाणीकडचं. तो स्वतः सरकारी कारखान्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, बेंगळूरला जे. पी. नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलं परदेशात. पस्तीस वर्षं त्याचं काम एकच, सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंतली चांगली कुठली आणि टाकाऊ कुठली ते सांगणं. त्यामुळे आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "त्यात काय मोठंसं? महिन्याभरात सांगतो." त्याला सात महिने झाले होते.

आई, गोजराबाई, एकोणनव्वदची. उन्हाळ्यात दवाखान्यातून घरी आली ती डॉक्टरांनी हात टेकले म्हणून. पलंगावर टेकून बसल्या बसल्या एक दिवस म्हणाली, "गुरू, माझ्या बापाचं तेवढं बघ रं."

तिचा बाप रघुजी आप्पाजी खोराटे. सदतीस साली, गोजराबाई पाळण्यात असताना, तो बेंगळूरच्या कापडगिरणीत कामाला म्हणून गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग बंद. मागं राहिली त्याची बायको यल्लव्वा. कपाळावरचं कुंकू ठेवावं की पुसावं हे त्या बाईला मरेपर्यंत कळलं नाही. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलावताना आधी एकमेकींकडे बघायच्या.

"मी सात वर्साची हुते, तवा आईनं त्याला कार्ड धाडलं," गोजराबाई म्हणाली. "त्रेचाळीसची दिवाळी झाली आनि लगीच. शाळंच्या मास्तरांकडनं लिहून घेतलं, गिरणीच्या पत्त्यावर. आला न्हाई."

"काय लिहिलं होतं कार्डात?"

"ये म्हणून. आनि काय लिहिणार?" तिनं पदराचं टोक दोनदा चुरगाळलं. "त्यो आला न्हाई, त्यो मेला हुता म्हणून, का यायचंच नव्हतं म्हणून? एवढं कळू दे मला. मग मी मोकळी."

एवढंच तर होतं. पण गिरणीचे जुने हजेरीपट एका ट्रस्टच्या तळमजल्यावर सापडले आणि त्यात एकाऐवजी दोन रघुजी निघाले! दोघंही रघुजी आप्पाजी खोराटे, दोघंही एकाच गावचे, एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा अठ्ठावीसचा. मुकादमालाही वैताग आला असावा, त्यानं नावापुढे फक्त बिल्ल्याचे आकडे घातले होते. दोनशे चौदा आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी. हजर असला की उभी रेघ, खाडा पडला की फुली. दोनशे चौदाच्या रेघा बेचाळीसच्या ऑक्टोबरात थांबल्या होत्या, पुढे लाल शाईत लिहिलं होतं: विषमज्वरानं मयत, वारस कोणी नाही. तीनशे अठ्ठ्याऐंशीच्या रेघा मात्र पानामागून पान चालूच. गुरुप्रसादनं पंचेचाळीसपर्यंतच्या सगळ्या पानांचे फोटो फोनवर काढले आणि घरी आला.

आता दोनशे चौदा हा आजोबा असेल, तर कार्ड पोचायच्या वर्षभर आधीच माणूस गेलेला. बिचारा येणार कुठून? आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी असेल, तर... तर काय, त्याचा विचार गुरुप्रसाद करत नव्हता. मरणाची बातमी मिळावी म्हणून देवाला हात जोडायची वेळ त्याच्यावर आली होती, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

गावच्या जन्मनोंदीत दोन्ही रघुजी होते, दोघांच्याही बापाचं नाव आप्पाजी. आईचं नाव लिहायची रीतच नव्हती. भाऊकीतल्या म्हाताऱ्यांना फोन केले तर एक म्हणे थोरल्या वाड्यातला रघुजी तापानं गेला, दुसरा म्हणे धाकट्या वाड्यातला. तिसऱ्यानं विचारलं, "जमिनीचं काय निघालंय काय?" गुरुप्रसादची बायको हेमलता वैतागून म्हणाली, "अहो, सांगून टाका ना आईंना की ते वारले होते. कोण तपासायला येणार आहे?" पण पस्तीस वर्षं ज्यानं खोटा शेरा मारला नाही त्या माणसाच्या हातून ते होईना.

मग कोणीतरी सुचवलं, गिरणी कामगारांची पोरं मल्लेश्वरमच्या एका जुन्या कन्नड शाळेत जायची, तिथं बघा. तिथली कारकून धनलक्ष्मी भली बाई. "स्वल्प थांबा सर," म्हणत तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून दाखल्यांची रजिस्टरं काढली, फडक्यानं पुसली आणि स्वतःच बोट फिरवत बसली. तासाभरानं तिचं बोट थांबलं. बाप रघुजी आप्पाजी खोराटे, गिरणी कामगार, गाव निपाणीकडचं, घरची भाषा मराठी. दोन मुली. कस्तुरा, जन्म एक्केचाळीस. आणि तिच्याखाली गोजरा, जन्म चव्वेचाळीस.

चव्वेचाळीसात मूल झालंय म्हणजे हा तीनशे अठ्ठ्याऐंशी, जगलेला. त्यानं इथं दुसरा संसार मांडला होता. आणि मुलीचं नाव गोजरा! गुरुप्रसादनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोजरा हे आजोबांच्या आईचं नाव, म्हणून तर आईला ते मिळालं. धनलक्ष्मीनं पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिता पिता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे! जित्या लेकराचं नाव दुसऱ्या लेकराला ठेवायचं नाही! आई तर धडधडीत जिवंत होती, गावात आठ वर्षांची पोर होती. हा जर तिचा बाप असता तर त्यानं दुसऱ्या मुलीला गोजरा म्हटलंच नसतं. माणूस बायको टाकेल, गाव टाकेल, पण ही रीत टाकणार नाही, खोराटे तर नाहीच नाही. म्हणजे हा दुसरा रघुजी. गोजरा काय, त्यांच्या भाऊकीत पैशाला पासरी, याच्याही आईचं नाव गोजरा असेल. आणि आपला आजोबा तो दोनशे चौदा, तापानं गेलेला, निष्पाप माणूस!

"सिक्ता?" धनलक्ष्मीनं विचारलं. सापडलं का?

"सिक्तु," तो म्हणाला, आणि त्या परक्या बाईसमोर त्याचे डोळे भरून आले. नोंदीचा फोटो काढून, मेट्रोनं, मग ऑटोनं, तो घरी कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. वाटेत त्यानं आईसाठी चिरोटे घेतले. ती खाणार नव्हती, तरी घेतले.

गोजराबाई जागीच होती. हेमलता तिचे पाय चेपत होती. गुरुप्रसादनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आई, सापडलं. तुझा बाप बेचाळीसमध्येच गेला. ताप येऊन. कार्ड गेलं तेव्हा तो नव्हताच."

म्हातारीनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल झाली. हेमलतानं पदर तोंडाला लावला. "नव्हताच," गोजराबाई म्हणाली. "मेला हुता माझा बाप. बघ, मी म्हणत हुते." मग डोळे मिटूनच, "पन कशावरनं रं? दोघं हुते म्हणत हुतास न्हवं?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण शेरा मारला की कारण लिहायचं, ही गुरुप्रसादची सवय. त्यानं हौसेनं सगळं सांगितलं. दुसऱ्या रघुजीला इथं मुलगी झाली, तिचं नाव गोजरा, आणि तू जिवंत असताना तुझा बाप ते नाव ठेवील कसा?

गोजराबाईचे डोळे उघडले.

"कवाची ती पोर?"

"चव्वेचाळीसची."

"थोरली का धाकटी?"

"धाकटी. थोरली कस्तुरा, एक्केचाळीसची."

ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागली. एकदा मोजलं, परत मोजलं. "मग थोरलीला का न्हाई ठेवलं गोजरा? आईचं नाव पैल्या लेकीला देत्यात. त्याला दुसरी गोजरा नसती, तर त्यानं पैलीलाच दिलं असतं की."

गुरुप्रसादनं फोन काढून फोटो पुन्हा पाहिला. दोन्ही नोंदी त्यानं पाहिल्या होत्या, एकाखाली एक. धाकटीचं नाव दिसल्यावर थोरलीकडे लक्ष कोण देतो?

"एक्केचाळीसात त्याची एक गोजरा जित्ती हुती," म्हातारी म्हणाली. "चव्वेचाळीसात न्हवती."

"अगं पण तू होतीस ना! तू कुठं गेली होतीस?"

"गुरू, त्या कार्डात ये म्हणून नव्हतं लिहिलं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "गोजरा गेली, असं लिहिलं हुतं. आईला कळलं हुतं, त्यानं हितं बाई ठेवलीया म्हणून. तिला वाटलं, बायकूसाठी न्हाई तर मेल्या लेकीसाठी तरी येईल. आला की दाखवू, पोर धडधाकट हाय म्हणून. मला म्हईनाभर परड्यातनं भाईर सोडलं न्हाई, कोन बघंल म्हणून. मरताना सांगितलं तिनं मला. मी कुनाला बोलले न्हाई."

हेमलताचे हात पायांवर तसेच थांबले होते.

"योगायोग असेल गं," गुरुप्रसाद म्हणाला. त्याचं त्यालाच ते खरं वाटेना. "कार्ड कदाचित पोचलंच नसेल."

"पोचलं की. नाव मोकळं झालं, म्हणून तर दुसरीला घातलं त्यानं." मग म्हणाली, "त्या हजेरीचं फोटू हाईत न्हवं तुझ्याकडं? त्रेचाळीसचं हाय काय?"

"आहे. कशाला?"

"दिवाळीच्या म्होरलं बघ. लेक गेली की सुतक असतंय. तीन दिस तरी घरी बसला असंल. आला न्हाई तर न्हाई, पन बसला असंल की रं. बघ."

गुरुप्रसादनं चष्मा लावला. नोव्हेंबर त्रेचाळीस. दोनशे चौदाची ओळ कोरी. तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्यानं दोन बोटांनी पान मोठं केलं आणि सरकवत नेलं. एक तारखेपासून उभ्या रेघा. साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या तर तीस तारखेपर्यंत उभ्या रेघा. त्यानं डिसेंबर काढला. कार्ड उशिरा पोचलं असेल. पुन्हा रेघा, एकतीसपर्यंत. त्यानं जानेवारीही बघितला. एक फुली मिळावी म्हणून तो चौकट न् चौकट बघत होता, आणि आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"फोटो नीट आलेला नाही, आई," तो म्हणाला. "अक्षर पुसट आहे."

"खाडा न्हाई म्हण की सरळ," गोजराबाई म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.