लाल बटणाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि जन्माची भित्री आहे. चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये मी राहते. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दिसलं, की आजही माझी पाचावर धारण बसते. ते दाबलं की आधीचं सगळं पुसलं जातं हो!

दोन हजार तीन साली कनकामावशींनी मला एग्मोरच्या एका दुकानातून आणलं. त्यांची भाची विद्युलता हिला जन्मापासून दिसत नव्हतं. ती इंग्रजी साहित्यात एम.ए. करत होती, म्हणून मावशींनी त्या साहित्याचा इतिहास थोडक्यात वाचून माझ्यात भरला. सुरुवातीला तो जुना काळ होता, जेव्हा छापील पुस्तकं नव्हती आणि भाट शूरांच्या, राक्षसांच्या कथा तोंडपाठ म्हणत. मग यात्रेकरूंच्या गोष्टी, मग नाटकं, मग डोंगर-झऱ्यांवर जीव टाकणारे कवी आणि शेवटी धुरकट शहरांच्या जाडजूड कादंबऱ्या! भाटांचं वाचता वाचता मावशी मध्येच म्हणाल्या होत्या, "थांब गं, कुकर झाला." विद्युलता ते ऐकून दर वेळी हसायची. काय लाड झाले माझे!

पुढच्या वर्षी मावशींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. आता तो फक्त माझ्यात उरला होता. मित्रांनो, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

डिसेंबरातला मार्गळी महिना आला, रेडिओवर गाण्याच्या मैफली सुरू झाल्या. मावशींचे वडील वेंकोबाआजोबा कोरी कॅसेट शोधू लागले. माझ्यावर नाव नव्हतं. विद्युलताला ते वाचता आलं नसतं, म्हणून मावशींनी खुणेला नुसता गाठींचा दोरा बांधला होता. आजोबांनी तो सोडून टाकला. "ही कोरीच दिसते," असं म्हणून त्यांनी मला आत घातलं. मी ओरडणार कशी? लाल बटण खाली गेलं. मावशींचा एकेक शब्द पुसला जात होता आणि वर मृदंग वाजत होता.

तेवढ्यात विद्युलताने माझा डबा चाचपला. "अय्यो, आजोबा! मावशीची टेप कुठाय?"

आजोबांनी घाईघाईने बटण बंद केलं. "मला कोरी वाटली गं पोरी," म्हणत ते रडायलाच लागले. मावशी दारात उभ्या होत्या.

पुसला गेला होता तो भाटांचा काळ. विद्युलताने मला मागे नेलं आणि स्वतःच लाल बटण दाबलं. आता उरलेलंही गेलं, या धास्तीने मी गारठले. पण ती बोलू लागली. सगळं तोंडपाठ! कुठे चुकलं तर मावशी टेबलावर टकटक करत. पुसलेला भाग कुठल्या आकड्याला संपतो ते लक्षात ठेवून आजोबा टेपरेकॉर्डरच्या आकड्यांवर डोळे लावून बसले होते. मध्येच ती थबकली आणि हुबेहूब मावशींच्या सुरात म्हणाली, "थांब गं, कुकर झाला." मावशी हसल्या, आवाज न करता, डोळे पुसत. मावशींचा उरलेला आवाज सुरू होणार, एवढ्यात आजोबा ओरडले, "पुरे!" तेही माझ्यात आहे.

मग मावशींनी सुरीने माझ्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे तोडले, म्हणजे लाल बटण दाबलंच जाणार नाही. तरी त्या भोकांवर कुणी चिकटपट्टी लावली आणि बटण पुन्हा दाबलं गेलं तर? माझी भीती काही जात नाही. म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, घरात एखादी बिननावाची कॅसेट सापडली तर आधी एकदा ऐका. आत कुणीतरी बोलत असेल.