दुप्पट वेगाचं गाणं

मी एक जुना स्पीकर आहे, आणि मित्रांनो, बोलताना मध्येच खरखर आली तर सांभाळून घ्या. माझा पडदा फाटलाय. कारखान्यात माझी पेटी ठोकली आणि मला थेट स्टुडिओत धाडलं. तिथे गाण्यांचे व्हिडिओ बनत. कॅमेऱ्यासमोर गायक गात नाही बरं का! गाणं मी वाजवतो, तो नुसते ओठ हलवतो. ओठ शब्दांवर बसले नाहीत तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

माणूस तरंगत चालल्यासारखा दाखवायचा असला, की मला दुप्पट वेगाने वाजवतात. गायकाने त्याच घाईत ओठ हलवायचे. मागाहून चित्राचा वेग निम्मा करतात आणि ओठ मूळ गाण्यावर बरोबर बसतात. दिग्दर्शक माझी पाठ थोपटून म्हणायचा, "हाच आमचा खरा गायक!" मीही मूर्खासारखा फुशारून जायचो.

एकदा एक नवा गायक आला. बोलताना तो अडखळायचा, गाताना मात्र एक अक्षर अडायचं नाही. सोबत त्याची ताई होती. शिवणकाम करून तिनेच त्याला वाढवलेलं. अंगातला कोटही तिनेच शिवलेला. आपल्या गाण्यात आपला चेहरा दिसावा, एवढीच त्याची इच्छा होती. दिग्दर्शकाने बजावलं, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमव. नाहीतर तुझ्या जागी तो देखणा मॉडेल उभा करतो."

मी दुप्पट वेगाने सुरू झालो. त्या घाईत पहिल्याच ओळीला त्याचे ओठ अडकले. सात वेळा केलं, सातही वेळा तेच. "अरे, इंजिन गरम होऊ द्या याचं!" दिवे लावणारा ओरडला आणि सगळे खो खो हसले. फक्त ताई हसली नाही.

दिग्दर्शकाने तिला माझ्याजवळ, बाजूला घेतलं. "भाऊ पडद्यावर दिसायला हवा ना? मग ओठांचं सोडा, मला त्याचे डोळे द्या. आमच्या हसण्याची त्याला सवय झालीये. आता तुम्ही हसा."

"मी? अहो, किती लागेल त्याला!"

"लागल्याशिवाय चेहऱ्यावर येत नाही, ताई."

बिचारीला वाटलं, जाणत्या माणसाचं ऐकावं. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून ती चांगली मोठ्याने हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ थांबले, डोळे भरून आले. मी मेला तसाच चिरकत राहिलो.

वेग निम्मा झाल्यावर ती नजर इतकी सुंदर दिसली, की लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. "काय प्रेम आहे हो या डोळ्यांत!" असं लोक लिहायचे. दिग्दर्शकाला बक्षीस मिळालं. तेव्हापासून तो प्रत्येक नवख्याला आधी विचारतो, "घरचं कोणी सोबत आणलंय का?"

पुढच्या गाण्याच्या वेळी ताई नवा कोट घेऊन दारात उभी राहिली. रखवालदाराने गायकाला विचारलं, "साहेब, तुमच्या ओळखीच्या आहेत का या?"

"मी हिला ओळखत नाही," तो म्हणाला. एकदाही न अडखळता.

मित्रांनो, आता मी अडगळीत पडलोय. माझ्यावरची धूळ झटकू नका, पडदाही बदलू नका. माझी तेवढी लायकी नाही. पण कुणी अडखळला, तर त्याच्या घरच्या माणसाला तेवढं हसायला लावू नका.