शपथपत्रातलं बेट

"किसके लिए ले रही हैं, दीदी?" दुलीचंदनं पावतीपुस्तक उघडत विचारलं, आणि कालिंदीच्या तोंडून निघून गेलं, "भतीजे के लिए."

दुलीचंदनं पावतीवर 'रजत देशकर' असं नाव घातलं. हनुमान चौकातल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, कोर्टाच्या आवारात टायपिंग करणाऱ्या बाईनं व्हिडिओ गेम स्वतःसाठी घ्यायचा, तोही साधा नाही, नागपूरहून मागवलेली खास आवृत्ती, हे हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात मोठ्यानं सांगायला छाती लागते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. कालिंदीनं लपवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

रजत म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. चार वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आत्याच्या खोलीत ठेवून गेला. रोज थोडा वेळ चालू करत जा, नाहीतर बिघडेल, असं त्यानं बजावलं, आणि चालू केल्यावर करायचं काय म्हणून जहाजांचा एक खेळ शिकवला. कालिंदीनं पहिला आठवडा निव्वळ यंत्राची काळजी म्हणून खेळात काढला. दुसऱ्या आठवड्यात ती कप्तान झाली होती.

दिवसभर कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडखाली ती दुसऱ्यांची नावं टाइप करायची. कुणाचं जातीचं शपथपत्र, कुणाचं हरवलेल्या मार्कशीटचं, कुणाच्या नावात चूक, कुणाच्या बापाच्या नावात. चोवीस वर्षांत तिनं निम्म्या जिल्ह्याला शपथेवर खरं बोलायला लावलं असेल. समोरचा माणूस तिच्याकडे बघायचा नाही, कागदाकडे बघायचा. "बाई, जल्दी," एवढंच बोलायचा. संध्याकाळी मात्र तिचं जहाज असायचं, त्याचं नाव 'कालिंदी' असायचं, आणि ते कुठं न्यायचं हे तिला कुणी सांगत नसे. वैनगंगेपेक्षा मोठं पाणी जिनं डोळ्यांनी पाहिलं नाही त्या बाईला वारा फिरला की शीड कसं वळवायचं हे नीट कळत होतं. तिला ते फार आवडत होतं. यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

त्याच खेळाची ही खास आवृत्ती पत्र्याच्या सुबक डब्यात आली होती. आत तबकडी, कापडावर छापलेला समुद्राचा नकाशा आणि पत्त्याएवढं एक कार्ड. कार्डाच्या मागे चंदेरी पट्टी. ती खरवडली की सोळा आकडे दिसणार, ते कॉम्प्युटरवर टाकले की इंटरनेटवरून एक जास्तीचं बेट खेळात उतरणार. उत्तरेचं बेट. त्यावर दीपस्तंभ होता आणि किनाऱ्याला देवमासे येत होते. मुदत तीस सप्टेंबर, सन दोन हजार नऊ.

चार वर्षं कालिंदी जहाज उत्तरेला नेत होती आणि चार वर्षं तिथं नुसतं पाणी लागत होतं. आता कापडी नकाशावर, बरोब्बर त्याच जागी, बेट छापलेलं होतं. लाडवातला काजू शेवटी खाणाऱ्यांपैकी ती होती. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि रविवारी निवांत बसून पट्टी खरवडायची ठरवली.

शनिवारी नंदकिशोरनं ते कार्ड लॅमिनेट करून आणलं.

नंदकिशोर म्हणजे कालिंदीचा दादा, सिंचन खात्यातून निवृत्त झालेला बडा बाबू. तळहातापेक्षा लहान कागद हा हरवण्यासाठीच जन्माला येतो, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्यावर प्लास्टिक चढवणं हा एकच उपाय त्याला माहीत होता. घरातलं रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, रामपायलीच्या रामाचा फोटो, मिक्सरची गॅरंटी, सगळं लॅमिनेट केलेलं. टेबलावर डबा दिसला, पावतीवर आपल्या मुलाचं नाव दिसलं, आणि बहिणीनं भाच्यासाठी काही घेतलं म्हणून त्याला भरून आलं. पुण्याला पाठवताना टपालात भिजू नये म्हणून तो कार्ड घेऊन थेट कोर्टाजवळच्या दुकानात गेला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

रविवारी सकाळी कालिंदीनं डबा उघडला तर आत कार्डावर प्लास्टिक चढलेलं. मग ब्लेड आणलं. प्लास्टिकची कड कापली, बेतानं सोलत आणली. गरम प्लास्टिकला चिकटलेली चंदेरी पट्टी प्लास्टिकबरोबर निघाली आणि पट्टीबरोबर आकडेही. सोळापैकी सात उरले.

नंदकिशोर दारात उभा होता. आपण काय केलं हे कळल्यावर तो खरोखर कळवळला. रजतला फोन करतो, त्याला दुसरं मागवायला सांगतो, असं काहीबाही बोलू लागला.

"दादा," कालिंदी म्हणाली, "हे रजतसाठी नव्हतंच. माह्यासाठी होतं."

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"तू खेळते?"

"हौ. चार वर्षांपासून."

"या वयात? काहून?"

कालिंदीला रडू येत होतं, पण ते कार्डासाठी होतं, लाजेनं नव्हतं, आणि हा फरक तिला त्या क्षणी स्वच्छ कळला. ती म्हणाली की आवडते म्हणून. स्वयंपाकघरातून अंजनावहिनीनं, कढईतलं उलथनं न थांबवता, सांगितलं की तिला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, रोज संध्याकाळी त्या खोलीतून समुद्राचा आवाज येतो. नंदकिशोरनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. आपल्याच घरात आपल्याला न विचारता समुद्र आला, हे त्याला पचायला जड गेलं.

सोमवारी कालिंदीनं डब्यावरच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक है मॅम, बेटे से बात करा दीजिए." बेटा नाही, असं कालिंदीनं सांगितल्यावर मुलगी थोडी अडखळली. मग नियम कळला. ज्याच्या नावाची पावती त्यानं पावतीची नक्कल जोडून लेखी कळवायचं, की नवे आकडे मिळतील.

म्हणजे प्रश्न मिटला होता. रजतनं पुण्याहून एक ओळ लिहायची. तो फोनवर म्हणाला, "आत्या, मी आत्ता मेल करून देतो, दोन दिवसांत तुझं बेट हजर." नंदकिशोरलाही हायसं वाटलं. आपल्या हातून झालेली चूक दोन दिवसांत निस्तरते आहे आणि गावात कुणाला काही कळतही नाही, याहून चांगलं काय.

कालिंदीनं रजतला थांबायला सांगितलं.

"आता का झालं?" नंदकिशोर म्हणाला. "तुले बेट पाहिजे ना? मग नाव कोणाचंबी असो."

"चोवीस वर्षं मी दुसऱ्याच्या नावानं टाइप करून राह्यली, दादा. हे एक माह्या नावानं येऊ दे."

"पावती त्याच्या नावाची आहे."

"खोटी आहे ती. मीच खोटं सांगतलं होतं. आता खरं सांगते म्हणते तं तुले त्रास."

मदतीच्या नंबरवरच्या मुलीनं साधं पत्र मागितलं होतं. पण साध्या पत्रावर कोण विश्वास ठेवतो? कालिंदीचं अख्खं आयुष्य कोर्टाच्या आवारात गेलेलं. खरं म्हणजे स्टँप पेपरवरचं, नोटरीच्या शिक्क्याचं, हेच तिला ठाऊक. मंगळवारी सकाळी तिनं स्टँप विकणाऱ्या महागूकडून दहा रुपयांचा कागद घेतला, स्वतःच्या टाइपरायटरमध्ये चढवला आणि बोटांना पाठ असलेली ओळ पहिल्यांदा स्वतःच्या नावानं उमटवली.

"मैं, कालिंदी, पिता स्व. वामनराव देशकर, उम्र ४८ वर्ष, पेशा टंकण, निवासी बालाघाट, शपथपूर्वक कथन करती हूँ कि उक्त खेल मैंने स्वयं के लिए क्रय किया है; कि बिल में भतीजे का नाम मैंने ही गलत लिखवाया था; कि यह खेल मैं स्वयं खेलती हूँ।"

शपथपत्राला ओळख पटवणारा एक माणूस लागतो. तिनं सकाळीच नंदकिशोरला विचारलं होतं. तो म्हणाला की सिंचन खात्यातले अर्धे लोक त्या आवारात फिरतात, नंदकिशोरबाबूची बहीण व्हिडिओ गेम खेळते हे आपण सही करून जाहीर करणार नाही. मग वर्तमानपत्र उघडून बसला. त्याचं चुकलं असं त्याला अजिबात वाटत नव्हतं, आणि ते वर्तमानपत्र कालचं होतं.

टेंभरे वकील लिंबाखाली टेबल टाकून नोटरीचं काम करत. रोज कालिंदीचे दहावीस कागद त्यांच्याकडे जात आणि ते न वाचता शिक्का मारत. हा त्यांनी वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. आजूबाजूचे दोघं-चौघं टेबलाशी सरकले. एका तरुण मुन्शीनं मोठ्यानं विचारलं, "बाई, कौन से लेवल पे हो?"

"बाईसवें पे," कालिंदी म्हणाली. "तुम?"

मुन्शी आपले कागद चाळू लागला.

टेंभऱ्यांनी आवाज खाली आणून भल्यासाठीच सुचवलं, "दीदी, 'स्वयं खेलती हूँ' काट देते हैं. 'भेंट देने हेतु' लिख दो. अच्छा लगेगा."

"और झूठी शपथ पे दस्तखत आप करेंगे?"

टेंभऱ्यांनी खाकरून कागद सरळ केला. नियमाप्रमाणे त्यांनी मजकूर वाचून दाखवला आणि हे सगळं खरं आहे का असं विचारलं. तो प्रश्न कालिंदीनं हजारो वेळा शेजारून ऐकला होता. माणसं त्यावर मान हलवतात, पुटपुटतात, घाईत असतात. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "हाँ, सच है." ओळख पटवणाऱ्याच्या जागी महागूनं सही केली. चोवीस वर्षं रोज बघतो, एवढी ओळख पुरत नसेल तर कुणाचीच पुरणार नाही, असं तो म्हणाला. टेंभऱ्यांनी शिक्का मारला.

कागद रजिस्टर पोस्टानं मुंबईला, खेळाच्या कंपनीकडे गेला. मग वाट पाहणं आलं. आवारात तिला काही दिवस 'कप्तान' म्हणत, आधी पाठीमागे, नंतर तोंडावर. तिनं ओ द्यायला सुरुवात केल्यावर चिडवण्यातली मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं. दसऱ्याला तिनं घरी टाइपरायटरला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि शेजारी कॉम्प्युटरचा माउस ठेवून त्यालाही वाहिलं. नंदकिशोर पाटापाशी बसून सगळं बघत होता. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. रात्री जेवताना रजतचा फोन आला. तो म्हणाला, "आत्या, अजूनही वेळ आहे, मी लिहितो." ती नको म्हणाली. नको म्हणताना तिचा आवाज कापला आणि तो सगळ्यांनी ऐकला.

उत्तर नऊ ऑक्टोबरला आलं. इंग्रजीत होतं. संध्याकाळी नंदकिशोरनं चष्मा लावून, ऑफिसातलं इंग्रजी बाहेर काढून, ते वाचलं आणि बहिणीला सांगत गेला. कंपनीनं शपथपत्र मान्य केलं होतं. पावतीवरचं नाव बदलून कालिंदी देशकर असं नोंदवलं होतं. मात्र बेट उतरवून घेण्याची मुदत संपली होती, ते आता कुणालाच मिळणार नव्हतं, आणि याचा त्यांना खेद होता.

"रजतची एक ओळ," तो म्हणाला, "आणि आतापर्यंत आलं असतं."

"हौ," कालिंदी म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. वरतं का लिहिलं आहे, ते नाही वाचलं तू."

नंदकिशोरनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. साहेबलोकांच्या पत्रात वर काय असतं ते त्याला पाठ होतं, म्हणून त्यानं ती ओळ सोडली होती. आता त्यानं एकेक शब्द लावला.

"प्रिय खेळाडू," तो म्हणाला.

पडद्यावर समुद्र हलत होता, वर भिंतीला कापडी नकाशा चार खिळ्यांनी ताणून लावला होता. नंदकिशोरनं नकाशावरचं बेट पाहिलं, ते प्लास्टिक आठवून त्याची मान खाली गेली. मग तो उठला. पत्राची घडी त्यानं पुन्हा घातली नाही. सपाट करून कालच्या वर्तमानपत्रात ठेवलं.

"दुकान उघडं असन अजून," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "हे लॅमिनेट करून आणू का?"

कालिंदी त्याच्याकडे बघत राहिली.

"आण," ती म्हणाली.

बाहेर सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज झाला. कालिंदीनं खुर्ची पुढे ओढली आणि जहाज उत्तरेला वळवलं. नकाशावर जिथं बेट होतं तिथं पोचायला तिला दहा मिनिटं लागली. चारी बाजूंना पाणीच होतं. तिनं शिडं उतरवली आणि तिथंच नांगर टाकला.