स्मरणानंदांचा पेपर

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. रिसोडकडून जीपा भरभरून येत होत्या आणि प्रत्येक जीपमध्ये एखादा विसरभोळा म्हातारा नाहीतर म्हातारी कोंबलेली. समोर गादीवर स्मरणानंद महाराज, बोटांपेक्षा अंगठ्या जास्त.

"विसरणं हा रोग नाही, स्मृतीवर बसलेली छाया आहे!" महाराज माइकमध्ये गरजले. "आमची विभूती जिभेवर पडली की छाया पळाली! आणा पुंजाजींना."

पुंजाजी आमचे शेजारी. मध्यंतरी ते जवळच्याच मालेगावच्या स्टँडवर हरवले, मग स्वतःच्या वावराची वाट चुकले. गावात म्हाताऱ्यांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर धम्मदीपांनी त्यांच्या मुलाला, हरीओमला, बजावलं होतं, "स्मरणशक्ती ढासळायला लागलीय. वाशीमला नेऊन रक्त तपासा. कारण दुरुस्त होण्यासारखंही असू शकतं, उशीर करू नका." हरीओमने अजिबात उशीर केला नाही. त्याच आठवड्यात, गुरुवारच्या दरबाराला बापाला महाराजांकडे आणलं.

महाराजांची कसोटी डॉक्टरांकडूनच उचललेली. तीन शब्द सांगायचे, मध्ये भजन, मग तेच विचारायचे. पहिल्या गुरुवारी पुंजाजींना एकही आठवला नव्हता. आज ते ताठ उभे राहिले.

"हंडा, तुळस, घोडा!"

मंडप दणाणला. हरीओम नाचायचाच बाकी होता. "आता बुढा एकटाच जाईन वावरात, मोटर चालू करीन! कायले जायचं वाशीमले?"

तेवढ्यात रत्नमालाबाई उठल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच.

"महाराज, मागच्या गुरुवारी कोन्ते शब्द होते?"

महाराज खाकरले. "हेच. सिद्ध शब्द आहेत, ते बदलत नाहीत."

"अन् घरी?"

हरीओमने भाबडेपणाने सांगून टाकलं, "घरी रोज म्हनून घेतो जी बुढ्याकडून. महाराजच म्हने, जप करा."

"म्हंजे पेपर तोच अन् उत्तर पाठ! अशा परीक्षेत माह्या वर्गातला बाकही पास होईन."

लोक हसले. बाईंनी पुंजाजींचा हात धरला. "भाऊ, आता माहे शब्द. विहीर, टोपी, चिमणी." पुंजाजींनी ते म्हणून दाखवले. नंतर कुरकुर नको म्हणून बाईंनी विभूतीही द्यायला लावली. भजन झालं.

"सांगा भाऊ."

पुंजाजी पुन्हा ताठ झाले. "हंडा, तुळस, घोडा!"

दोघातिघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि हळूच हात खाली घेतले. श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले. कुणाची, ते मात्र सांगेनात.

हरीओमचा चेहरा उतरला. "बा, तुले आठवत नाही, हे सांगितलं काहून नाही?"

"मले ठाऊक होतं रे," पुंजाजी खाली बघत म्हणाले. "ग्यास चालू ठेवून इसरतो. नातीचं नाव इसरतो. लय भेव वाटते. पन तू एवढा खूश होऊन राह्यला होता. कसं सांगू?"

मला त्या क्षणी महाराजांपेक्षा टाळ्या पिटणाऱ्या आमचीच जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी हरीओम बापाला घेऊन वाशीमच्या बसमध्ये बसला. पुंजाजी बरे होतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. तसं सांगायला मी महाराज नव्हे. पण एवढं सांगतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला की कुणीही सुधारल्यासारखा दिसतो. पाठांतराला स्मरण समजू नका. घरातलं माणूस विसरायला लागलं तर अंगारा शोधू नका, डॉक्टरांकडे न्या. म्हातारी माणसं आतून घाबरलेली असतात. निदान त्यांना खरं बोलायची सोय तरी ठेवा.