पाहुण्यांची खोली

मी बॉयलर दुरुस्त करणारा, म्हणून सगळे मला उस्ता, म्हणजे मिस्त्री, म्हणतात. हाजेर मावशींनी सकाळीच फोन केला. "झेकी उस्ता, आजच ये. तुंजाय मला शुक्रवारी बुर्साला उचलून नेतोय."

तुंजाय त्यांचा एकुलता एक मुलगा, बुर्सा शहरात राहणारा. त्यानेच दार उघडलं. "उस्ता, बॉयलर बसवून दोन वर्षं झाली नाहीत, आणि दिवसभर नुसता पेटतो, विझतो. खोली घडीत भट्टी, घडीत बर्फ. एर्झुरुमच्या थंडीत आईला इथे एकटं ठेवू?"

"मी तुझ्या त्या नवव्या मजल्यावर राहायची नाही!" मावशी आतून ओरडल्या.

मी बॉयलरसमोर स्टूल ओढलं. गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांत भिंतीला लावलेल्या लोखंडी रेडिएटरांत फिरवायचं आणि घर गरम ठेवायचं, हे त्याचं काम. भक्कन पेटायचा, चाळीस मोजेपर्यंत विझायचा, मिनिटाभरात पुन्हा पेटायचा. पाणी पंच्याहत्तर अंशांवर लावलेलं.

"मेला ना?" तुंजायने विचारलं.

"ठणठणीत आहे. मावशी, रेडिएटर किती चालू आहेत?"

"एकच. मी बसते तिथला. रिकाम्या खोल्यांत गॅस कशाला जाळू?"

"पाहुण्यांची खोली?"

"पाहुणे आले की उघडते."

आमच्याकडे हे घरोघरी चालतं. सगळ्यात मोठी खोली पाहुण्यांसाठी राखायची, सोफ्यांवर पांढऱ्या चादरी, दाराला कुलूप. घरच्यांनी एका लहान खोलीत दाटीवाटीने बसायचं. कोळशाची शेगडी होती तेव्हा ते शहाणपणाचं होतं. पण हा बॉयलर चार खोल्यांचा. त्याची आग एका रेडिएटरात मावत नाही. पाणी लगेच लावलेल्या अंशांवर पोचतं, तो विझतो. पाणी निवतं, तो पेटतो. गॅस उलट जास्त जातो.

"किल्ली द्या, मावशी."

"कोण येणार आहे?"

"मी आलोय ना! मी काय गॅसवाला?"

"तू घरचाच आहेस मेल्या," असं म्हणत त्यांनी किल्ली दिली.

चारही खोल्यांचे रेडिएटर उघडले, त्यांतली हवा काढली. पाणी पंचावन्नवर आणलं. मग बॉयलरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन आगीची वरची मर्यादा अगदी खाली उतरवली. बसवणाऱ्याने तिला हातच लावला नव्हता.

"कमी आगीत जास्त ऊब?" तुंजाय हसला. "उस्ता, तुमचं वय झालं."

"घड्याळ लाव."

पेटला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ज्योत बारीक, निळी, न विझता चालू. पन्नासाव्या मिनिटाला तुंजायने स्वेटर काढला. मग तो एकेका खोलीत गेला, भिंतींना हात लावून आला. शेवटी आईकडे न बघताच त्याने बायकोला फोन लावला.

"मी एकटाच येतोय. नाही, भांडण नाही. घर गरम आहे."

मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाहुण्यांच्या खोलीत जाऊन त्यांनी एका सोफ्यावरची चादर काढली, जरा थांबल्या, मग दुसऱ्याचीही काढली.

"चहा इथेच आणते," त्या म्हणाल्या. "सांडलात तर दोघांनाही बाहेर काढीन."