मापाला ठेवलेला हात

माझा धाकटा भाऊ शंतनू हिमालयात गेला की घरच्या ग्रुपवर कुत्र्याच्या छत्र्यांचा नुसता मारा सुरू व्हायचा. लाल, पिवळ्या, कानासारख्या वळलेल्या. प्रत्येकीशेजारी त्याचा डावा हात, माप कळावं म्हणून. "अरे, कधीतरी स्वतःचं थोबाड दाखव," मी इथून, अमेरिकेतल्या कॅरीहून, लिहायचे. "ताई, माझ्यापेक्षा त्या बऱ्या दिसतात," असं उत्तर यायचं. गाढव कुठला.

या ऑक्टोबरात तो उत्तराखंडात एकटाच चढला आणि परतला नाही. त्याचा तंबू खालच्या ओकच्या जंगलात सापडला, म्हणून सगळे तिथंच शोधत होते.

मी रजा टाकून त्याचे फोटो बघत बसले. शेवटच्या फोटोतली अळंबी पांढऱ्या खोडावर होती, आणि खोडाची साल कागदासारखी सुटलेली. भोजपत्र! त्यानंच एकदा फोनवर शिकवलं होतं, "ताई, भोजपत्र लागलं की समजायचं, जंगल संपलं. वर नुसते दगड." म्हणजे तो खाली नव्हताच! मी आनंदानं ओरडलेच. नवरा, नंदू, धावत आला.

"तू जा," तो म्हणाला. "परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर अडकलं, जॉब गेला तर गेला. आपण मॅनेज करू, यार."

मी शोधपथकाच्या नरेंद्रजींना फोटो पाठवून फोन लावला.

"जागा बरोबर ओळखलीत, दीदी," ते हिंदीत म्हणाले. "पण वर परवापासून बर्फ पडतोय. आता तिथं मे महिन्यातच जाता येईल."

मे? मी भांडले, रडले, पाया पडते म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, मे महिन्यात ओळख पटवायला भावाचा अलीकडचा एखादा फोटो मिळेल का?

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. "काही कळलं का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

सगळा ग्रुप पालथा घातला. अळंब्याच अळंब्या, चेहरा एकही नाही. मला त्याचा इतका राग आला की फोन फेकून द्यावासा वाटला. शेवटी तोच भोजपत्राचा फोटो मोठा केला. लहानपणी विळीनं कापल्याची अंगठ्यावरची खूण स्वच्छ दिसत होती. मीच तेव्हा जखमेवर हळद दाबून धरली होती.

अळंबी क्रॉप करून टाकली. नुसता हात नरेंद्रजींना पाठवला आणि खाली लिहिलं, "डावा."